खारेपाटण : खाडीच्या टोकावरचे हजार वर्षांचे बाजारगाव

मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेकडे निघालेली गाडी राजापूर मागे टाकून अर्धा-पाऊण तास चालली की एका नदीवरच्या पुलावर येते. पूल ओलांडला की रत्नागिरीचा मुलूख सरतो आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याचे उत्तरेकडचे प्रवेशद्वार उघडते. नदीचे नाव शुक. गावाचे नाव खारेपाटण. मीरा-भाईंदरहून हे अंतर सुमारे चारशे किलोमीटर. गोव्याला जाणारी बहुतेक कुटुंबे येथून मिनिटभरात पुढे सरकतात. फार तर एस.टी. थांब्याजवळ चहा होतो, आणि गाडी पुन्हा धावू लागते. रस्त्याच्या कडेला दिसणारी चार दुकाने म्हणजेच गाव, असा समज करून प्रवासी निघून जातो.

प्रत्यक्षात खारेपाटण हे महामार्गावरचे गाव नव्हेच. ते नदीचे गाव आहे. महामार्ग त्याच्या वाट्याला फार उशिरा आला. ज्या काळी कोकणात चाकांची वाहतूक जवळजवळ नव्हती, त्या काळी या गावाने समुद्रातून येणारी जहाजे पाहिली, त्यांच्यावरील जकात सोन्यात मोजून घेतली आणि सह्याद्रीपलीकडच्या देशाशी व्यवहार केला. व्यापारी कुळात जन्मलेल्या वाचकाने या गावाकडे क्षणभर थांबून पाहावे असे बरेच काही येथे आहे. त्यातला काही भाग अभिमानाचा, तर काही भाग सावध करणारा आहे.

नावातच व्यवहार

‘पाटण’ हा शब्द गुजराती जैन घरांना परका नाही. अणहिलवाड पाटणचे वैभव पिढ्यानपिढ्या सांगितले जाते. संस्कृतातील ‘पट्टन’ म्हणजे व्यापारी नगर, बंदराचे शहर. कोकणातल्या या पाटणाला ‘खारे’ हे विशेषण लागले, कारण समुद्राच्या भरतीचे खारे पाणी येथवर चढते. शुक नदी पुढे वाघोटणची खाडी होते आणि विजयदुर्गाच्या पायथ्याशी समुद्राला मिळते. समुद्रमुखापासून खारेपाटण जलमार्गाने सुमारे पंचवीस मैल आत आहे.

बंदर समुद्रकाठी असावे, इतक्या आत कशाला, असा प्रश्न आजच्या माणसाला पडेल. जुन्या व्यापाराचे गणित वेगळे होते. उघड्या किनाऱ्यावर वादळाचे आणि चाचांचे भय असे. खाडीच्या आत शिरलेले गलबत दोन्हींपासून सुरक्षित राही. शिवाय डोक्यावरून किंवा बैलांच्या पाठीवरून माल नेणे खर्चाचे, तर पाण्यावरून नेणे स्वस्तातले. म्हणून भरतीच्या जोरावर गलबत जितके आत येईल तितके आणायचे आणि जेथे खारे पाणी थांबते तेथे बाजार वसवायचा, ही कोकणाची रीत होती. महाड, चिपळूण, राजापूर आणि खारेपाटण ही गावे याच हिशोबाने वसली. त्यांच्या पाठीशी घाट आहे आणि पुढ्यात खाडी. घाट आणि खाडी जेथे एकमेकांच्या सर्वांत जवळ येतात, तेथे तराजू लागला.

ताम्रपटातील जमाखर्च

खारेपाटणचे नाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते येथे सापडलेल्या ताम्रपटांमुळे. त्यांतील पहिला दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा, शके ९३० म्हणजे इसवी सन १००८ चा. मराठी वृत्तपत्रसृष्टीचे जनक बाळशास्त्री जांभेकर यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. बाळशास्त्रींचे जन्मगाव पोंभुर्ले याच परिसरातले, हा योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. पुढे जर्मन पंडित कीलहॉर्न यांनी त्याचे शास्त्रशुद्ध संपादन केले आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या सर्व लेखांचा एकत्र अभ्यास करताना त्याचा पुन्हा परामर्श घेतला.

या ताम्रपटात रट्टराजाच्या दहा पिढ्यांची वंशावळ आहे. मूळ पुरुष सणफुल्ल. त्याचा पुत्र धम्मियर याने ‘बलिपट्टन’ नावाचा दुर्ग उभारला, असे त्यात म्हटले आहे. हे बलिपट्टन म्हणजेच आजचे खारेपाटण, असे मिराशींसारख्या अभ्यासकांनी मानले आहे. गावालगतच्या टेकडीवर लहानशा किल्ल्याच्या खुणा आजही दिसतात.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने या लेखातला महत्त्वाचा भाग वंशावळीनंतर येतो. राजाने आपल्या गुरूंना, अव्वेश्वर नावाच्या शिवमंदिरासाठी आणि तेथील मठासाठी दान दिले. त्यात काही गावे होती, तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबे होती आणि त्याशिवाय बंदरातली जकात होती. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण गद्याण आणि कंदलमूलीय येथून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक सुवर्ण धरण, अशी आकारणी ठरली. चेमुल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर, या दोन ठिकाणांहून येणाऱ्या जहाजांना मात्र त्यातून वगळले.

चार ओळींच्या या नोंदीत एक पूर्ण जकात-धोरण सामावले आहे. दूरच्या मालाचा दर निराळा आणि विशिष्ट बंदराचा निराळा. ज्या दोन बंदरांशी घरोबा, त्यांना माफी. एक हजार वर्षांपूर्वी हा दरफलक तांब्यावर कोरला गेला, यावरून येथे जहाजांची ये-जा किती नियमित असेल याची कल्पना येते. जहाज कधीमधीच येत असते तर त्याच्या जकातीवर मठाचा खर्च कोणी सोपवला नसता. आणि हा खर्च कशाचा, तेही लेखात स्पष्ट आहे : देवाची पूजा, वास्तूची डागडुजी, तपस्वी, विद्यार्थी आणि अतिथी यांचे अन्नवस्त्र. व्यापारातून येणाऱ्या पैशाचा ठरावीक वाटा ज्ञानदानाकडे आणि अन्नदानाकडे वळवायचा, ही व्यवस्था आपल्या समाजाला सहज ओळखू येईल.

बलिपट्टनचे श्रेष्ठी

दुसरा ताम्रपट त्यानंतर शंभर वर्षांच्या आतला, शके १०१६ म्हणजे इसवी सन १०९४-९५ चा. न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी तो प्रसिद्ध केला. तोवर दक्षिण कोकणचे घराणे लयाला गेले होते आणि ठाण्याशी निगडित असलेल्या उत्तर कोकणच्या शिलाहारांचा अंमल येथवर पोहोचला होता. त्यांच्यापैकी अनंतदेव राजाचा हा लेख मीरा-भाईंदरच्या वाचकाने तर आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे.

अनंतदेवाने आपले मंत्री भाभण श्रेष्ठी आणि त्यांचे बंधू धनाम श्रेष्ठी यांच्या नौकांना जकात माफ केली. त्यांचे वडील दुर्ग श्रेष्ठी हेही मोठे प्रधान होते आणि घराणे याच पाटणाचे. माफी कोणकोणत्या बंदरांत? श्रीस्थानक, नागपूर, शूर्पारक आणि चेमुली. श्रीस्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे नालासोपारा, चेमुली म्हणजे चौल. आणि येथले नागपूर म्हणजे विदर्भातले शहर नव्हे, तर कोकण किनाऱ्यावरचे बंदर.

नकाशा समोर ठेवला तर ठाणे आणि सोपारा यांच्यामधल्या खाडीवर आजचे घोडबंदर आणि भाईंदर येतात. खारेपाटणच्या श्रेष्ठींची गलबते ठाण्याहून सोपाऱ्याकडे जाताना याच पाण्यातून गेली असणार. ज्या खाडीवरून आज लोकल गाडी भाईंदरहून नायगावला जाते, तिच्याशी त्या दूरच्या गावाचे नाते नऊशे वर्षांहून अधिक जुने आहे.

‘श्रेष्ठी’ हा शब्द पुढे ‘सेठ’ झाला, ‘शेठ’ झाला आणि दक्षिणेत ‘शेट्टी’ही झाला. तो कोणत्या एका धर्माचा नव्हता. व्यापारातील मान्यतेचा होता. म्हणून ताम्रपटातील या दोन बंधूंचा धर्म कोणता, असा तर्क लढवण्यात अर्थ नाही. त्यांचा व्यवहार मात्र डोळसपणे पाहावा असा आहे. पहिल्या ताम्रपटात जहाजांच्या जकातीतून विद्यार्थ्यांचे अन्नवस्त्र चालते. दुसऱ्यात राजाचे मंत्रीच व्यापारी असतात आणि त्यांच्याच नौकांची जकात माफ होते. व्यापार आणि सत्ता यांच्या नात्याची ही दोन रूपे एकाच गावच्या मातीत सापडावीत, हा बोध कोणीही मुद्दाम रचलेला नाही.

आयंबिलाच्या ओळीत श्रीपाळ राजाचा रास ऐकणाऱ्या घरांना यानिमित्ताने धवलशेठ आठवेल. पाचशे जहाजांचा तो धनी बब्बरकोटाच्या बंदरात जकात द्यायला नाकारतो, महाकाळ राजाच्या बंधनात पडतो आणि श्रीपाळामुळे सुटतो. कथा धर्माची आहे, पण तिच्यातले बंदर, नाखवे, जकातीचे नाके आणि मालाचे सौदे याच किनाऱ्यावरच्या खऱ्या व्यवहाराचे आहेत. ठाणे नगरीचा त्या कथेतला मान तर सर्वश्रुत आहे.

नदीच्या तळातले जिनबिंब

१८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटिअरात खारेपाटणविषयी एक नोंद आढळते. दक्षिण कोकणातले कर्नाटकी जैन बहुतेक सारे या एका गावात राहतात, त्यांचे येथे जिनालय आहे आणि दक्षिण कोकणातले ते एकमेव जिनालय होय, असे तीत म्हटले आहे. मंदिरातील काळ्या संगमरवराची लहान मूर्ती नदीच्या पात्रात सापडली, हेही तीत नमूद आहे.

ही मूर्ती नदीत केव्हा आणि का गेली, हे मूर्ती सांगत नाही. संकटकाळी जिनबिंब पाण्यात किंवा भूमीत सुरक्षित ठेवण्याची रीत भारतभर होती. खंबायतपासून कर्नाटकापर्यंत अशा परत मिळालेल्या मूर्तींच्या आठवणी संघासंघांत जपलेल्या आहेत. एवढे मात्र निश्चित, की ज्या नदीने या गावाला व्यापार दिला तिनेच त्याचे आराध्यही सांभाळून परत दिले.

खारेपाटणचे जैन हे गुजरात-मारवाडहून आलेले नव्हेत. घाटाच्या वरच्या अंगाने, कानडी मुलखातून उतरलेले दिगंबर श्रावक. मीरा-भाईंदरमध्ये बावन जिनालयासारख्या भव्य मंदिरांच्या सावलीत वाढलेल्या पिढीला अशा छोट्या, एकाकी संघाची कल्पना सहजासहजी येत नाही. शहरात पर्युषणात पाय ठेवायला जागा नसते. तेथे काही घरांच्या बळावर नित्य अभिषेक-पूजा पिढ्यानपिढ्या चालवावी लागते. चहूकडे दूरवर दुसरे जिनालय नाही, मुनिराजांचा विहार क्वचित, मुलामुलींच्या सोयरिकीसाठी घाट चढून जायचे, आणि तरीही मंदिराचा दिवा विझू द्यायचा नाही. मोठ्या संघाच्या श्रीमंतीपेक्षा ही चिकाटी कमी मोलाची नाही.

गाळ आणि घाट

ज्या गावाने जहाजांवर सोन्याची जकात घेतली, ते बंदर म्हणून आज नकाशावरही उरलेले नाही. हे कसे घडले, ते समजून घेण्यासारखे आहे.

सह्याद्रीच्या पश्चिमेकडच्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यांच्यावर प्रचंड पाऊस कोसळतो. डोंगरउतारावर झाडी दाट असेल तर माती धरून राहते. झाडी तुटली की ती पाण्याबरोबर खाली येते. नदीचे वेगवान गढूळ पाणी जेथे भरतीच्या संथ खाऱ्या पाण्याला भेटते, तेथे त्याचा वेग संपतो आणि गाळ तळाशी बसतो. बाजार वसवण्यासाठी जी जागा सोयीची, नेमकी तीच जागा गाळ साठण्यासाठीही सोयीची. खाडीच्या टोकावरच्या प्रत्येक बंदराचे हे जन्मजात दुखणे आहे. शेजारच्या राजापूरलाही ते चुकले नाही. सतराव्या शतकात जेथे इंग्रजांनी वखार घातली, त्या राजापुरातील दगडी धक्क्यापासून मोठी गलबते पुढे तीन-तीन मैल दूरच थांबू लागली.

खारेपाटणच्या बाबतीत व्यापार नदीच्या ओघाने खाली सरकला. गाळ वाढला तशी मोठी गलबते वाघोटणपर्यंतच येऊ लागली, आणि इंग्रजी अमलात फोंडाघाटाने वर जाणारा रस्ता वाघोटणशी जोडला गेला. तत्पूर्वी या पट्ट्याने राजकीय उलथापालथही पाहिली होती. १७१३-१४ च्या सुमारास कान्होजी आंग्रे आणि बाळाजी विश्वनाथ यांच्यातील तहात आंग्र्यांकडे राहिलेल्या ठाण्यांत खारेपाटण होते. १७५६ मध्ये विजयदुर्ग आंग्र्यांच्या हातून गेला आणि १८१८ मध्ये पेशवाईबरोबर हा मुलूख कंपनी सरकारकडे आला. सत्ता बदलल्या तरी घाटावरचे बैलांचे तांडे थांबले नव्हते. वरून गूळ, धान्य, तंबाखू, मिरची उतरे. खालून मीठ, खोबरे, सुपारी, कोकम चढे.

ते तांडे थांबवले आगगाडीने. १८८० च्या दशकात मुरगाव बंदर लोहमार्गाने देशाशी जोडले गेले आणि १८९१ मध्ये आगगाडी कोल्हापुरात पोहोचली. घाटमाथ्याचा माल जो शतकानुशतके कोकणच्या छोट्या बंदरांकडे उतरत असे, तो आता पुणे-मुंबईकडे वळला. बैलाच्या पाठीवरून घाट उतरवून गलबतात भरण्यापेक्षा डब्यात चढवणे स्वस्त झाले. खारेपाटणच्या व्यापाऱ्याने कोणतीही चूक केली नव्हती. त्याच्या तराजूत खोट नव्हती, शब्दात खोट नव्हती. वाट बदलली आणि बाजार रिकामा झाला, इतकेच. व्यापाऱ्याने आपल्या सचोटीवर विश्वास ठेवावा, पण वाटेवरची नजर काढू नये, हे या गावाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल.

पुढे कोकणात आगगाडी आली, तीही शंभरहून अधिक वर्षांनी. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग वाहतुकीस खुला झाला. आता खारेपाटण रोड नावाचे छोटे स्थानकही या मार्गावर आहे. पण ही गाडी माल उतरवायला नव्हे, तर माणसे मुंबईला न्यायला अधिक उपयोगी पडली.

आजचा बाजार

आजचे खारेपाटण हे कणकवली तालुक्यातील ग्रामपंचायतीचे गाव आहे. आसपासच्या वाड्यावस्त्यांचा बाजारहाट येथेच. किराणा, कापड, भांडी, औषधे, शेतीची अवजारे यांची दुकाने. शाळा, महाविद्यालय, आरोग्य केंद्र. आणि भुईबावडा घाटाने गगनबावड्याकडे, तेथून कोल्हापूरकडे जाणारा रस्ता. गावच्या शेठ न. म. विद्यालयाच्या नावात अजूनही ‘शेठ’ आहे. हजार वर्षांपूर्वीचा श्रेष्ठी शाळेच्या पाटीवर असा टिकून आहे.

पावसाळ्यात मात्र नदी आपला जुना हक्क सांगते. डोंगरात पावसाचा जोर आणि त्याच वेळी खाडीत भरती, असा योग आला की उतरणाऱ्या पाण्याला वाट मिळत नाही. गाळाने उथळ झालेले पात्र ते सामावून घेऊ शकत नाही आणि पाणी बाजारपेठेकडे वळते. नदीकाठच्या दुकानदाराला आषाढ-श्रावणात आभाळाबरोबर भरतीचे वेळापत्रकही पाहावे लागते. साखरेची पोती माळ्यावर, कापडाचे गठ्ठे वरच्या फळीवर, वह्या-कागद घरी, ही उचलाउचल अशा पेठांत अंगवळणी पडलेली असते. पाणी ओसरल्यावर चिखल काढायचा, भिजलेला माल बाजूला करायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शटर उघडायचे. विम्याची भरपाई आणि सरकारी पंचनामा पुढच्या गोष्टी. गिऱ्हाईक दारात उभे असताना दुकान बंद ठेवणे व्यापाऱ्याच्या स्वभावात बसत नाही.

येथेच या गावापुढचा खरा प्रश्न उभा राहतो. पेठ नदीकाठी ठेवायची की वर महामार्गाकडे न्यायची? पाटबंधारे खाते नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखते. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही. लाल रेषेपर्यंत ते अटींनीच. नियम माणसांच्या जिवासाठी आहे, त्यात वाद नाही. पण कोकणातल्या जुन्या पेठा मुळातच नदीला चिकटून वसलेल्या. घर जुने झाले, भिंत खचली, तरी नव्याने उभारणे अवघड. आणि वर जागा घ्यावी तर भांडवल कोठून आणायचे? दरम्यान पुढची पिढी शिकून मुंबई-पुण्याला जाते. ठाणे, मीरा रोड, नालासोपारा, विरार या पट्ट्यात कोकणातल्या अशा गावांची हजारो कुटुंबे राहतात. ज्या श्रीस्थानक-शूर्पारकाकडे खारेपाटणची जहाजे माल घेऊन जात, तेथेच आता कोकणची मुले नोकरी घेऊन जातात.

जमाखर्चातून राहून गेलेली बाब

दोन्ही ताम्रपट पुन्हा एकदा शेजारी ठेवून वाचावेत. जकात किती, ती कोणाकडून घ्यायची, कोणाला माफ, ती कोणत्या कामी लावायची, सारे त्यांत आहे. पूजेची तरतूद आहे, डागडुजीची आहे, अन्नवस्त्राची आहे. जिच्या पाण्यावरून ही सारी आवक होत होती, त्या नदीच्या देखभालीची तरतूद मात्र दिसत नाही. त्यासाठी त्या राजांना दोष देता येत नाही. नदी फुकट मिळालेली, सदैव वाहणारी, तिला काय लागणार, असेच कोणालाही वाटले असते. जी गोष्ट फुकट मिळते ती जमाखर्चात येत नाही, आणि जी जमाखर्चात येत नाही ती संपत चालल्याचे कळत नाही. खारेपाटणच्या बंदराचे असेच झाले.

हा हिशोब भाईंदरला अपरिचित वाटू नये. वसईची खाडी, तिच्या काठची मिठागरे, पाणथळ जागा आणि कांदळवने ही या शहराची फुकट मिळालेली ठेव. अतिवृष्टीच्या दिवशी पाण्याला पसरायला जागा मिळते ती येथेच. भरावाचा प्रत्येक डंपर ती जागा थोडी कमी करतो आणि त्याची किंमत पुढच्या पावसाळ्यात तळमजल्यावरचा दुकानदार भरतो. खारेपाटणला डोंगरातून येणाऱ्या गाळाने अडवले. शहरे आपला गाळ स्वतःच वाहून आणून टाकतात.

श्रावकाच्या आचारात पंधरा कर्मादाने वर्ज्य सांगितली आहेत. त्यांत ‘सर-द्रह-तडाग-शोषण’ हेही आहे. सरोवर, डोह, तलाव आटवून केलेला धंदा श्रावकाने करू नये. पाणी हेच जिथे अप्काय जीव मानले जाते, तिथे पाण्याची जागा हिरावणे हा केवळ नगररचनेचा प्रश्न राहत नाही. प्रतिक्रमणात ही नावे उच्चारणाऱ्या समाजात आज बांधकामाचा व्यवसाय करणारेही पुष्कळ आहेत. जागेचा सौदा करण्यापूर्वी तिच्यावरून पावसाचे पाणी कोठे जाते, एवढे विचारणे हे या व्रताचे आजचे रूप ठरेल.

आणखी एक काम प्रत्येक व्यापारी घराच्या हातात आहे. खारेपाटणचे हजार वर्षांपूर्वीचे व्यवहार कळतात, कारण ते तांब्यावर कोरले गेले. त्यानंतरच्या शेकडो वर्षांतले असंख्य सौदे, हुंड्या, भागीदाऱ्या आणि आडतीचे हिशोब कागदावर होते. ते पुरात भिजले, वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले. गुजरात-राजस्थानातून आणि कोकणातून मुंबईकडे आलेल्या घरांच्या माळ्यावर आजही लाल कापडात बांधलेल्या जुन्या वह्या असतील. दिवाळीला नव्या चोपड्याचे पूजन होते, त्याच दिवशी एक जुना चोपडा उलगडून त्याची मोबाइलवर छायाचित्रे घेतली आणि घरातल्या वडीलधाऱ्यांकडून त्यातली गावे, माल आणि माणसे समजून घेतली, तर पुढच्या पिढीच्या हाती तिचा स्वतःचा ताम्रपट येईल. मोडी किंवा महाजनी लिपी वाचणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. हे काम फार लांबवण्यासारखे नाही.

गोव्याच्या पुढच्या प्रवासात मात्र खारेपाटणच्या पुलावर गाडीचा वेग जरा कमी करावा. महामार्ग सोडून बाजारपेठेत उतरावे, जिनालयात दर्शन घ्यावे, मंदिराच्या साधारण खात्यात यथाशक्ती भर घालावी आणि परतीची कोकमे, काजू, आमसुले महामार्गावरच्या झगमगीत दालनाऐवजी गावातल्याच एखाद्या जुन्या दुकानातून घ्यावीत. मग नदीकाठी जाऊन पाहावे. भरतीची वेळ असेल तर खारे पाणी अजूनही हळूहळू वर चढताना दिसते. जहाजे येत नाहीत; पाणी मात्र आपली वेळ चुकवत नाही.